कानामागचं बोट

"मॅडम, जागा बदलू या का? तुमच्या मागं खिडकी आहे. चेहरा काळा दिसतोय, ओठ दिसत नाहीत."

वैशालीचं माझ्याकडचं हे पहिलं वाक्य. मी उठले, ती माझ्या खुर्चीत बसली, मी तिच्या. तेव्हापासून माझ्या समुपदेशनाच्या खोलीत समोर येणाऱ्या माणसाची खुर्ची खिडकीला पाठ करूनच असते. (नाव खरं नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे लिहायला तिची परवानगी आहे.)

तिचा प्रश्न असा होता: "मला अर्धंमुर्धं ऐकू येतं. ऐकणाऱ्यांत मी बहिरी आणि कर्णबधिरांत मी ऐकणारी. मग मी त्यांच्यात जायचं की नाही? मी त्यांना फसवतेय का?" हाच प्रश्न थोड्याफार फरकाने मला इतरांनीही विचारला आहे. चाळिशीत ऐकणं कमी झालेल्या एका शिक्षकांनी विचारला, अकरावीतल्या एका मुलाने विचारला. म्हणून तिची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

वैशाली चोवीस वर्षांची. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेल-नॅपकिनच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. आठवीत असताना शिक्षकांच्या लक्षात आलं की ही पाठमोरं बोललेलं ऐकतच नाही. तिचा ऑडिओग्राम, म्हणजे कानांच्या तपासणीचा आलेख, माझ्यासमोर होता. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या, दोन्ही रेषा उजवीकडे उतरत गेलेल्या. सरासरी उजव्या कानाची 50 डेसिबल, डाव्याची 56, म्हणजे त्याहून हळू आवाज तिला ऐकूच येत नाही. आपलं साधं बोलणं साधारण 60 डेसिबलच्या आसपास असतं, म्हणजे ते तिच्या कानाच्या उंबरठ्यावर येऊन थांबतं. रेषा उजवीकडे उतरते याचा अर्थ वरच्या पट्टीतले आवाज जास्त हरवतात. स्वर कळतात, पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं गळून पडतात. आवाज येतो, शब्द येत नाही. "साठ डझन" असं मालक म्हणाले आणि हिने "आठ डझन" लिहिलं. साठमधला स गेला की आठच उरतो. त्या दिवशी तिला सगळ्यांसमोर "लक्ष कुठं असतं?" हे ऐकावं लागलं. ते मात्र स्पष्ट ऐकू आलं, असं ती म्हणाली.

"मशीन लावलंय ना कानाला, मग?" असं लोक सहज विचारतात. चष्मा लावला की अक्षर स्वच्छ दिसतं, तसं मशीनचं नसतं. ते पंख्याचा आवाजही मोठा करतं आणि बाहेरच्या रिक्षाचाही. हरवलेलं अक्षर माणूस ओठांवरून, संदर्भावरून, अंदाजाने भरून काढत राहतो. दिवसभर असं भरत राहिलं की संध्याकाळी डोकं दुखतं. वैशाली घरी आली की मशीन काढून अर्धा तास भिंतीकडे तोंड करून पडायची. घरच्यांना वाटायचं, रुसलीये.

त्यात कागदाचीही अडचण. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांची हानी 60 ते 70 डेसिबल असेल तर 'कमी ऐकू येणारी' व्यक्ती, आणि 70 डेसिबल असेल तर कर्णबधिर. वैशाली या दोन्हींत बसत नाही. "सरकार म्हणतं तू आमच्या यादीत नाहीस, ऑफिस म्हणतं तुझं लक्ष नाही," ती म्हणाली. सवलती कुणाला द्यायच्या हे ठरवायला कायद्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते, हे मी समजू शकते. पण त्या रेघेवरून कुणी स्वतःचा गोतावळा ठरवू लागलं, तर ते मला चुकीचं वाटतं.

ती कर्णबधिरांकडे ओढली गेली ती गड्ड्याच्या यात्रेत. जानेवारीतलं होम मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना तो गोंगाट सांगायला नको. भोंगे, पिपाण्या, मौत का कुआँच्या मोटरसायकली. मैत्रिणी काय बोलतायत ते तिला एक अक्षर कळेना, म्हणून ती नुसतीच मान हलवत होती. तेवढ्यात मोठ्या पाळण्याकडे लक्ष गेलं. पाळण्यात बसलेला एक मुलगा आणि खाली उभे त्याचे तीन मित्र हातांनी गप्पा मारत होते. पाळणा वर गेला की वाक्य तुटायचं, खाली आला की तिथूनच पुढे सुरू. त्या अख्ख्या मैदानात ओरडावं न लागता नीट बोलणारे तेवढेच चौघे होते. ती त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली.

त्यातून ओळख झाली. रविवारी संध्याकाळी दहा-बाराजण पार्क चौपाटीवर जमतात. बसण्याची जागा ठरते ती दिव्याखालची, कारण हात आणि चेहरा दिसला पाहिजे. गोल करून बसायचं, हाक मारायची तर खांद्यावर हलकी थाप, लांबच्याला हात हलवून. वैशाली शिकू लागली. दोन महिन्यांत त्यांनी तिला नाव दिलं. कर्णबधिरांत प्रत्येकाला नावाची एक खूण असते. ती आपली आपण ठेवायची नसते, मंडळी देतात. वैशालीची खूण होती कानामागे वाकवलेलं बोट. म्हणजे मशीन.

तिला ते फार लागलं होतं. दहा वर्षं केस पुढे घेऊन जे लपवलं, तेच नाव करून टाकलं! पण ती गप्प राहिली.

मग फोनचा प्रसंग घडला. रविवारी सगळे बसलेले असताना मामेबहिणीचा फोन आला. हिने तिथेच उचलला, तोंडाने बोलली, खो खो हसली. बेकरीत काम करणारा एक दादा समोर होता, त्याने हातानेच विचारलं, काय झालं? हिने एका हाताने खूण केली, 'नंतर'. फोन दहा मिनिटं चालला. ठेवल्यावर तिने पाहिलं तर त्या दादाने तिच्याकडे बोट दाखवलं, 'ऐकणारी' अशी खूण केली आणि तोंड फिरवलं. त्यानंतर तीन रविवार ती गेलीच नाही. चौथ्या आठवड्यात माझ्याकडे आली.

इथे माझी एक चूक सांगते. मी तिला धीर द्यायला घाईने म्हणाले, "अगं, तूही त्यांच्यातलीच आहेस." तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुम्ही कसं ठरवणार, मॅडम? तुम्हाला तर सगळं ऐकू येतं." तिचं बरोबर होतं. तो निकाल देणं माझं काम नव्हतंच. मी तिची माफी मागितली आणि पुढच्या वेळी तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून, एकेक क्षण घेऊन सांगायला लावला.

ती 'नंतर' या खुणेपाशी आली तेव्हा मी थांबवलं.

"ऑफिसात सगळे हसतात तेव्हा तू काय विचारतेस?"

"काय झालं, असं."

"मग ते काय म्हणतात?"

"काही नाही गं, नंतर सांगते." एवढं म्हणून ती थबकली. उजवा हात तिने मांडीवरून उचलला होता, तीच खूण अर्धी झाली होती, तो हात तसाच हवेत राहिला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी त्यांना तेच केलं."

त्या दादाचं तोंड फिरवणं रूक्ष होतं, ते मी नाकारत नाही. पण तो तिच्या कानांची चाचणी घेत नव्हता. त्या क्षणी ती ज्या बाजूला उभी होती, ती बाजू त्याने दाखवली. आणि कर्णबधिर माणसं याबाबत हळवी का असतात, त्याला मोठा इतिहास आहे. 1880 साली मिलानमध्ये शिक्षकांच्या परिषदेने ठराव केला की बहिऱ्या मुलांना तोंडी बोलणंच शिकवावं, खुणांची भाषा शाळेतून काढावी. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला 2010 मध्ये, व्हँकूव्हरच्या परिषदेत. मधली एकशेतीस वर्षं जगभरच्या मुलांच्या हातांनी भोगली. इथल्याच एका ज्येष्ठ कर्णबधिर गृहस्थांनी मला लिहून दाखवलं होतं की लहानपणी वर्गात हात बाकाखाली ठेवायला लावत, वर आले की पट्टी बसे. ज्यांनी हे सोसलं, त्यांच्यासमोर कुणी आपल्यातलंच म्हणून बसलेलं माणूस तोंडाने बोलू-हसू लागलं की त्यांच्या मनात काय हलत असेल, ते वैशालीला समजलं.

पाचव्या रविवारी ती गेली. शब्द कमी पडत होते, पण तिने त्या दादाला सांगितलं: त्या दिवशी मी तुम्हाला बाहेर ठेवलं, चुकलं. त्याने विचारलं, मग फोनवर काय झालं होतं? महिन्याभरापूर्वीचा तो किस्सा, मामाची म्हैस लग्नाच्या मांडवात शिरल्याचा, तिने मोडक्यातोडक्या खुणांनी सांगितला. म्हशीची खूण मंडळींनीच सुधारून दिली. सगळे हसले. एक बाई मात्र तेव्हाही हसल्या नाहीत आणि आजही तिच्याशी मोजकंच बोलतात. असू दे. कुठल्या वाड्यात, कुठल्या भावकीत सगळे सगळ्यांशी मोकळे असतात?

त्याच संध्याकाळी तिने धीर करून स्वतःच्या नावाबद्दल विचारलं. मग बाकीच्यांनी आपापल्या नावांचे अर्थ सांगितले. एकाचं नाव गालावरची खळी, एकाचं कपाळावरची टाक्यांची खूण, बेकरीवाल्या दादाचं लहानपणी पुढे आलेले दात, जे आता पुढे नाहीतही. डोळ्यांना जे पटकन दिसतं, ते नाव. कर्णबधिरांत ही सर्रास चालणारी रीत आहे, हिणवणं नाही. "त्यांना मशीनचं काही वाटतच नाही," वैशाली मला आश्चर्याने सांगत होती. "चष्मेवाली म्हणावं तसं."

घरी वेगळीच काळजी होती. आई एकदा तिच्यासोबत आल्या. "मॅडम, ही तिकडं जाऊन बोलायचंच सोडली तर काय करायचं ओ? अन् लोकांनी बघितलं तर स्थळं यायची बंद होतील की." बोलणं सुटेल ही भीती मी ठामपणे खोडून काढली. चोवीस वर्षं मराठी बोलणाऱ्या मुलीची मराठी दुसरी भाषा शिकून जात नाही. सोलापूरकराला तर हे सांगावंच लागू नये. पूर्व भागात घरात तेलुगू, दुकानात मराठी, अक्कलकोटकडच्या पाहुण्यांशी कन्नड असं लोक एका दिवसात तीन भाषांतून फिरतात, आणि मोडकं तेलुगू बोलणाऱ्याला "तू नक्की कुणाचा?" म्हणून कुणी दाखला मागत नाही. लग्नाच्या काळजीवर माझ्याकडे असं झटपट उत्तर नव्हतं. एवढंच म्हणाले की लपवून जमवलेल्या लग्नात तिला जन्मभर केस पुढे घेऊनच राहावं लागेल.

वडील तोवर गप्प होते. तीस वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस, शंभर डेसिबलच्या आसपासच्या खडखडाटात. त्यांनाही आता कमी ऐकू येतं, फक्त घरात कुणी तसं म्हणत नाही. ते म्हणाले, "हातानं बोलायचं काय नवीन? आम्ही कारखान्यात तेच करालोय की ओ." आणि दाखवलं: अंगठा तोंडाशी नेला, चहा. दोन बोटं कात्रीसारखी उघडली, धागा तुटला. खांद्यावर दोनदा थाप, मालक आला. वैशाली बघतच राहिली. हे तिने घरात कधी पाहिलं नव्हतं.

मागावरच्या त्या खुणा म्हणजे भाषा नव्हे, हे मात्र सांगायला हवं. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. 'कुठे', 'कोण' हे शब्द वाक्याच्या शेवटी जातात, भुवया आणि चेहरा अर्थ बदलतात. ती शिकायला वर्षं लागतात. दिल्लीत 2015 साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश व्हिडिओंच्या रूपात मोफत बघता येतो, 2021 च्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत. पण त्यातलं शिकून गेलात आणि इथल्या मंडळींची खूण वेगळी निघाली, तर इथली घ्या. गावोगाव फरक असतो.

ज्यांना वैशालीसारखाच प्रश्न पडलाय त्यांना माझं सांगणं आहे की 'मी पुरेशी बहिरी आहे का' हे मोजत घरी बसू नका. जा. "मला थोडं ऐकू येतं, मी शिकतेय," असं पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे फसवण्याचा प्रश्नच उरत नाही. तिथे असेपर्यंत आवाज बाजूला ठेवा. फोन आलाच तर उठून लांब जा, नाहीतर कुणाचा, कशाचा ते हाताने सांगत राहा. तुम्हाला ऐकू येतं म्हणून बँकेत, दवाखान्यात चला असं कुणी म्हणेल. मैत्रीखातर एखाद्या वेळी जा, पण शस्त्रक्रियेची संमती किंवा पोलिसांतली तक्रार अशा ठिकाणी प्रशिक्षित दुभाष्याच हवा. अर्धवट कळलेलं तिथे महागात पडतं. मशीन सोडू नका, ऑडिओग्राम करत राहा. आणि अचानक एका कानाचं ऐकणं गेलं तर रविवारची वाट न बघता त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, उशीर झाला तर उपचाराचा उपयोग कमी होतो. काहीजण जाऊन येतात आणि म्हणतात, हे माझं नाही. अकरावीतला तो मुलगा तसंच म्हणाला. तेही ठीकच आहे, त्याने निदान बघून तरी ठरवलं.

वैशालीचं आणि माझं काम सात भेटींनंतर थांबलं. शेवटच्या भेटीत ती चौपाटीबद्दल फार बोललीच नाही, ऑफिसबद्दल बोलली. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे हसले. हिने डबा खाली ठेवून विचारलं, काय झालं? शेजारची सवयीने म्हणाली, नंतर सांगते. वैशाली म्हणाली, "नंतर नको. आत्ता सांग, माझ्याकडं बघून सांग." क्षणभर कुणी बोललं नाही. मग त्या मुलीने शेंगाचटणीचा हात पुसला, खुर्ची वळवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"विनोद साधाच होता, मॅडम," वैशाली म्हणाली. "पण सगळ्यांबरोबर हसले."