मेर्सेदेस: मजुरीपासून मेहेरबानीपर्यंत

प्रश्न असा आलाय: ‘स्पेनमध्ये मुलींचं नाव मर्सिडीज असतं, ते गाडीवरून ठेवतात का? आणि त्याचा अर्थ काय?’

गाडीवरून मुळीच नाही, आणि हे सांगून आता कंटाळा आलाय. उलट गाडीलाच मुलीचं नाव दिलंय. एमिल येलिनेक हा डाइमलर या जर्मन कंपनीच्या गाड्या विकायचा. १८८९ साली जन्मलेल्या त्याच्या मुलीला घरी मेर्सेदेस, म्हणजेच आपलं मर्सिडीज, म्हणत. नाव जर्मनही नाही, अस्सल स्पॅनिश आहे. ‘मारिया दे लास मेर्सेदेस’, म्हणजे कृपांची मारिया (येशूची आई), यातून ते सुटं झालं. लाडाचं रूप मेर्चे.

नावांच्या पुस्तकांत ‘दया’ एवढाच अर्थ देऊन मोकळे होतात. मला ते अपुरं वाटतं. एकवचन ‘मेर्सेद’, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘मेर्केस’. त्याचा अर्थ मजुरी, मोबदला. मार्केट आणि मर्चंट याच कुळातले. मोबदल्याचं बक्षीस झालं, बक्षिसाची कृपा. बार्सेलोनात १२१८ साली याच मेर्सेदच्या नावाचा एक ख्रिस्ती संघ उभा राहिला. त्याचं काम काय, तर मुस्लिम राज्यांत कैद झालेल्या ख्रिश्चनांना खंडणी भरून सोडवणं. पैसे मोजून केलेली दया! माझं मत असं की जुना ‘मोल’ हा अर्थ या नावातून कधी पुरता गेलाच नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. स्पॅनिशमध्ये आदरानं ‘आपण’ म्हणायला ‘उस्तेद’ हा शब्द आहे. तो ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, याचा झिजून झालेला. मधलं ‘वुस्तेद’ हे रूपही सापडतं. तरी काही मंडळी तो अरबी ‘उस्ताद’वरून आणतात. आपल्या कानाला ते गोडही लागतं. त्यांनी एकाच गोष्टीचं उत्तर द्यावं. उस्तेद म्हणताना माणूस समोर बसलेला असतो, मग क्रियापद तृतीय पुरुषी का? कारण मूळ वाक्य ‘आपली कृपा येते का?’ असं आहे. येते ती कृपा! उस्तादानं हे सुटत नाही.

आणि आपण तरी वेगळं काय केलं? अर्जावर ‘मे. तहसीलदार साहेब’ लिहितो, त्यातला ‘मे.’ म्हणजे मेहेरबान. तीच कृपा, तीच झीज. ‘साहेबांनी बसावं’ हेही आपण साहेबांच्या तोंडावरच म्हणतो.

पोर्तुगीजमध्ये ‘व्होसा मेर्से’चं ‘व्होसे’ झालं. त्याच ‘मेर्से’चं अनेकवचन गोव्यात एका गावाला चिकटलंय: पणजीजवळची मेरशी, पोर्तुगीजांची ‘मेर्सेस’. तिथलं चर्चही कृपांच्या मारियेचंच.