सेटिंग उतरवूनही फ्रेम रेट का वाढत नाही?

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये चांगले ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम आहे. तरीही गेम ४० फ्रेमच्या आसपास अडखळतो आणि रिझोल्यूशन कमी केले तरी आकडा हलत नाही. कार्ड बदलावे का?
– एक वाचक

उत्तर : कार्डावर खर्च करण्याची घाई कृपया करू नका. गेममध्ये फ्रेमची मर्यादा किंवा व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सोय) चालू नसेल, तर रिझोल्यूशन उतरवूनही आकडा न हलणे याचा अर्थ बहुधा असा, की अडचण कार्डात नसून प्रोसेसर किंवा रॅममध्ये आहे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. प्रोसेसरला तेवढ्यात काम उरकत नसेल, तर कार्ड नुसते वाट पाहत राहते.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा (म्हणजे रॅमचा) वेग आणि वापरातील स्लॉट पाहा. १६ जीबीची एकच स्टिक असेल, तर ८ जीबीच्या दोन स्टिक ड्युअल चॅनेलमध्ये (म्हणजे प्रोसेसर दोन्ही एकाच वेळी वापरू शकेल अशा) बसवल्याने अनेक गेममध्ये स्पष्ट फरक पडतो. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात, तरी मदरबोर्डची पुस्तिका पाहावीच. डीडीआर४ रॅमवर ३२०० लिहिलेले असून प्रत्यक्षात २१३३ किंवा २४०० दिसत असेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सोय, चालू करा. ही दुरुस्ती फुकट होते आणि, माझ्या मते, सर्वाधिक दुर्लक्षितही हीच आहे.

गेम सुरुवातीला सुरळीत चालून नंतर मंदावत असेल, तर मात्र प्रोसेसरचे तापमान तपासा आणि कूलरमधील धूळ काढा.