इन्क्युबेशन चालू असताना

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. प्रयोगात अँटिबॉडी लावून थांबायची वेळ आली की तू फोन उघडतेस, विषारी सरड्यापासून सुरुवात होते, टायमर वाजतो तेव्हा भलत्याच जीवाच्या जीनोमपर्यंत पोचलेली असतेस, आणि मग दिवसभर अपराधी वाटत राहतं. ही सवय कशी मोडायची, असं विचारलं आहेस. मोडू नकोस, हे माझं उत्तर.

आपल्या कामाचा दिवस असतोच तुकड्यातुकड्यांचा. वेस्टर्न ब्लॉटचंच बघ, नमुन्यातलं एखादं प्रोटीन अँटिबॉडीने शोधून बँडच्या रूपात पाहायचं. जेल चालायला तास-दीड तास, ट्रान्सफरला जवळपास तेवढाच, ब्लॉकिंगला एक तास, प्रायमरी अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांवर, आणि दुसऱ्या दिवशी दर पाच-दहा मिनिटांनी वॉश. अशा फटीफटीतून थीसिसचं प्रकरण लिहून होत नाही, कारण मन टायमरकडे लागलेलं असतं. बफर करणं, ट्यूबवर लेबलं लावणं ही कामं त्यात बसतात, आणि वाचन बसतं. जीवशास्त्रात काम करणाऱ्या मुलीला विषारी सरड्याचं कुतूहल वाटलं नसतं, तर मला जास्त काळजी वाटली असती.

सरड्याची गोष्ट मात्र तू अर्ध्यावर सोडलीस. ‘वजन कमी करणारी औषधं गिला मॉन्स्टरच्या विषापासून बनतात’ एवढं वाचून पुढच्या पानावर गेलीस. मूळ हकिकत याहून खूप रंजक आहे. जीएलपी-१ हे आपल्या आतड्यातलं संप्रेरक खाल्ल्यानंतर इन्सुलिनचा स्राव वाढवतं, पण डीपीपी-४ हे विकर त्याला दोनेक मिनिटांत निकामी करून टाकतं. म्हणून औषध म्हणून ते जसंच्या तसं देता येत नव्हतं. जॉन एंग न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉन्क्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात नवी संप्रेरकं शोधत होते. काही विषांचा स्वादुपिंडावर परिणाम होतो, ही इतरांनी केलेली नोंद त्यांनी मनावर घेतली आणि या सरड्याच्या विषाकडे वळले. १९९२ साली त्यांनी एक्सेन्डिन-४ प्रसिद्ध केलं. त्याची रचना जीएलपी-१शी साधारण निम्मी जुळते, आणि डीपीपी-४ला ते दाद देत नाही. त्याचं कृत्रिमरीत्या बनवलेलं रूप, एक्सेनाटाइड, २००५मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं. आज ज्याच्या नावाचा गाजावाजा आहे ते सेमाग्लुटाइड मात्र मानवी जीएलपी-१मध्येच फेरफार करून तयार केलेलं आहे, सरड्याचा रेणू त्यात नाही. रक्तात टिकणारं असं संप्रेरक औषध म्हणून चालतं, याची खात्री सरड्याने करून दिली.

बातमीवरून पबमेड ही शोधनिबंधांची ऑनलाइन सूची, तिथून मूळ पेपर, आणि पेपरातली पहिली आकृती, एवढा प्रवास एका ब्लॉकिंगच्या वेळेत होतो. दहा गोष्टी अर्ध्या वाचण्यापेक्षा एका गोष्टीच्या मुळाशी जा. चॅटबॉटने संदर्भ दिला असेल तर तो पेपर अस्तित्वात आहे का हे आधी बघ. छान शीर्षक आणि खऱ्याखुऱ्या नियतकालिकाचं नाव असलेले, पण कधीच न लिहिले गेलेले पेपर अशा यंत्रांतून सर्रास बाहेर पडतात.

आता जे खटकलं ते सांगते. तुझ्या पत्रात सरड्यावर दीड पान आहे, आणि तुझ्या ब्लॉटमध्ये ३५ किलोडाल्टन वजनाच्या आसपास येणाऱ्या जादा बँडवर एकच ओळ: ‘नॉनस्पेसिफिक असावा.’ म्हणजे अँटिबॉडी भलत्याच प्रोटीनला चिकटली, एवढं म्हणून सोडून दिलंस. असावा म्हणजे काय? सरड्याच्या बाबतीत तू दहा प्रश्न विचारलेस. या बँडला एकही नाही. तो दर वेळी येतो का? लायसेट, म्हणजे पेशी फोडून केलेला नमुना, जुना झाला की गडद होतो का? प्रोटीन तोडणाऱ्या विकरांना, म्हणजे प्रोटिएझना, रोखणारा इनहिबिटर ताजा होता का? प्रायमरी न लावता, तिला ओळखणारी सेकंडरी अँटिबॉडी नुसतीच लावली तर दिसतो का? एसआयआरएनए या छोट्या आरएनएने तुझं जनुक दाबल्यावर मुख्य बँडसोबत हाही फिका पडतो का? पडत असेल, तर तो तुझ्याच प्रोटीनचा असण्याची दाट शक्यता आहे. मग युनिप्रोट हा प्रोटीनांचा डेटाबेस उघड आणि त्याची छोटी आयसोफॉर्म (त्याच जनुकातून बनणारं आखूड रूप) नोंदलेली आहे का ते बघ. अँटिबॉडी प्रोटीनच्या कुठल्या टोकाला चिकटते, हे तिच्या डेटाशीटमध्ये शोध.

आणि प्रोटीनांच्या रचनांचं संगणकी अनुमान करणाऱ्या अल्फाफोल्डचा डेटाबेस आहेच. २०२१मध्ये तो खुला झाला आणि पुढच्याच वर्षी त्यातल्या अनुमानित रचना २० कोटींच्या वर गेल्या. तिथली सुंदर चित्रं तू तासन्‌तास फिरवत बसतेस, हे मला ठाऊक आहे. तुझं स्वतःचं प्रोटीन त्यात उघडलंस का? निळा भाग म्हणजे अनुमानाची खात्री जास्त, नारिंगी म्हणजे फारच कमी. नारिंगी भाग पुष्कळदा ठरावीक आकार नसलेले, सैल असतात, आणि प्रोटिएझना तोडायला असेच भाग सोपे जातात. असा सैल भाग नेमका अशा जागी असेल की तिथे तुटल्यावर ३५ किलोडाल्टनचा तुकडा उरावा, तर तुझ्या हातात एक प्रश्न आला. लायसिसच्या वेळी, म्हणजे पेशी फोडताना, झालेली ही मोडतोड आहे, की पेशी स्वतःच हे प्रोटीन कापते? दुसरं खरं निघालं, तर तुझ्या थीसिसची दिशा बदलू शकते.

जठरातल्या अल्सरमागे जिवाणू असतात हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांची गोष्ट तू वाचली असशीलच. मार्शल यांनी १९८४मध्ये जिवाणूंचं कल्चर स्वतः पिऊन दाखवलं, २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं, आणि ऑनलाइन सगळे तो पिण्याचा प्रसंग रंगवून सांगतात. तुझ्या कामाचा भाग त्याच्या आधीचा आहे. जठराच्या नमुन्यांतून ते जिवाणू वाढवायचा प्रयत्न चालू होता. दोन दिवसांत काही उगवलं नाही तर प्लेट टाकून द्यायची, अशी रीत होती. १९८२च्या ईस्टरच्या लांबलेल्या सुट्टीत प्लेट्स इन्क्युबेटरमध्येच राहिल्या, आणि परत आल्यावर त्यांवर वसाहती दिसल्या. हेलिकोबॅक्टर पायलोरी सावकाश वाढतो, त्याला दोन दिवस पुरत नव्हते. लोक याला नशीब म्हणतात. मला त्यात प्लेट टाकायच्या आधी ती नीट बघणारी माणसं दिसतात.

काही ऑनलाइन किस्से तर थेट तुझ्या फाइलींमध्ये राहतात. सेप्टिन-२ या जनुकाचं चिन्ह पूर्वी ‘सेप्ट२’ असं लिहिलं जाई, आणि एक्सेल त्याला २ सप्टेंबर समजून तारीख करून टाकत असे. २०१६च्या एका पाहणीत एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या पेपरांपैकी सुमारे एक-पंचमांश पेपरांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२०मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच चिन्हं बदलली. तुझी आरएनए-सीक्वेन्सिंगची यादी जुन्या चिन्हांवर आहे. एक्सेलमध्ये घेताना जनुकांचा कॉलम ‘टेक्स्ट’ म्हणून घे, आणि आधीच्या फाइलींमध्ये तारखा शोध. आजच शोध.

हीला या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींचंही तसंच. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या घेतल्या गेल्या, त्यांना न विचारता. या पेशी इतक्या जोमाने वाढतात की एखादा थेंब दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तरी काही पॅसेजांत (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांत) तिथे त्यांचंच राज्य होतं. १९६६मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिलं, की स्वतंत्र समजल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हीलाच आहेत. तुझी सेल लाइन शेजारच्या लॅबमधून आलेली आहे. डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारं एसटीआर प्रोफाइल करून घे. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची चाचणीही नियमित कर, कारण त्याने माध्यम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसत नाही, आणि पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिनला तो जुमानत नाही. आणि आणखी एक. २०१३मध्ये हीलाचा जीनोम लॅक्स कुटुंबाला न विचारता ऑनलाइन टाकला गेला, मग आक्षेप आल्यावर काढून घेतला गेला. आता तो पाहायचा तर अर्ज करावा लागतो, आणि अर्जांचा विचार करणाऱ्या गटात त्या कुटुंबातली माणसं आहेत. रुग्णांच्या नमुन्यांवर काम करताना ही माणसं डोळ्यांसमोर असू दे.

पबपीअर, म्हणजे प्रसिद्ध पेपरांवर शंका नोंदवायची साइट, तिच्याविषयी थोडक्यात. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये २०,६२१ पेपरांतल्या आकृत्या डोळ्यांनी तपासल्या आणि ३.८ टक्के पेपरांत संशयास्पद पुनरावृत्ती दाखवून दिली. तिथे जा, नजर तयार होते. पण दुसऱ्याची फजिती बघायला जाऊ नकोस. तिथून उठशील तेव्हा स्वतःच्या न कापलेल्या मूळ ब्लॉट-प्रतिमा तारखेसह जपून ठेवल्या आहेत का, एवढं तपास.

पत्राच्या शेवटी तू एमआरएनए लशीमागच्या संशोधक कॅटालिन कारिको यांचा उल्लेख केला आहेस, आणि ‘एवढं सोसायची ताकद माझ्यात नाही’ असं लिहिलं आहेस. ते वाचून मला वाईट वाटलं. त्यांना अनुदानं नाकारली गेली, विद्यापीठात खालच्या पदावर यावं लागलं, आणि २०२३मध्ये नोबेल मिळालं, हे सगळं खरं आहे. पण सोसल्यामुळे एमआरएनए लस झाली नाही. ती शक्य झाली त्यामागे २००५मधलं एक निरीक्षण होतं. एमआरएनएतल्या युरिडिन या घटकाच्या जागी त्याचं बदललेलं रूप घातलं, की प्रतिकारसंस्था खवळत नाही, हे त्यांनी ड्रू वाइसमन यांच्यासोबत दाखवलं. तिथवर पोचता आलं कारण नेमका प्रश्न होता आणि तो गांभीर्याने घेणारा एक सहकारी होता. असा एक माणूस शोध. बाकीची ओढाताण कुणाच्याही वाट्याला येऊ नये, तुझ्याही नाही.

तू सलग कितीतरी रविवार पेशींना माध्यम बदलायला लॅबमध्ये जाते आहेस. पेशींना रविवार कळत नाही हे खरं, पण उपाय आहे, पेशी गोठवून ठेवायच्या. या आठवड्यात कमी पॅसेजच्या पेशी १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना जपणारं द्रावक) घे, मिनिटाला एक अंश या गतीने उणे ८०पर्यंत थंड कर, दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये हलव. व्हायलवर नाव, पॅसेज आणि तारीख लिही. आठवड्याभराने एक व्हायल वितळवून पेशी नीट चिकटतात का ते बघ. चिकटल्या, की वाढत्या पेशींचे फ्लास्क बंद कर आणि आठ दिवस सुट्टी घे. मी तुझ्या गाइडशी बोलेन.

तुझी,
ताई