पोर्ट फॉरवर्डिंग करूनही दुकानाचे कॅमेरे घरून का दिसत नाहीत?

रविवार कारंजावरच्या दुकानातला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) इंदिरानगरच्या घरून दिसत नाही, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करूनही, असं तुम्ही लिहिलंय. मी नाशिकमध्ये नेटवर्किंगचीच कामं करतो. ही तक्रार सारखी येते आणि बहुतेक वेळा डीव्हीआर ठणठणीत असतो. अडतं ते नॅटमध्ये, म्हणजे राउटर आतल्या आणि बाहेरच्या पत्त्यांची जी अदलाबदल करतो त्यात.

दुकानातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर खासगी पत्ता देतो, जो बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाही. समजा १९२.१६८.१.५ या फोनने ५१००० पोर्टवरून (पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरची वेगवेगळी कामं ओळखायचा क्रमांक) वेबसाइट उघडली. माहितीचं पॅकेट बाहेर पडताना राउटर त्यावर स्वतःचा पत्ता आणि नवा पोर्ट, समजा ६२०१४, टाकतो आणि तक्त्यात नोंद करतो: ६२०१४ वर उत्तर आलं की १९२.१६८.१.५ च्या ५१००० ला द्यायचं. बराच वेळ हालचाल नसली की नोंद पुसली जाते.

ही नोंद आतून बाहेर जाणाऱ्या पॅकेटमुळेच होते, सगळी मेख इथे आहे. तुम्ही घरून डीव्हीआर उघडता तेव्हा पॅकेट बाहेरून येतं, नोंद सापडत नाही आणि राउटर ते टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे तीच नोंद हाताने कायमची करून ठेवणं.

पण आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेटवरचे असे चार आकड्यांचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून बऱ्याच इंटरनेट कंपन्या आपल्याकडेही एक नॅट लावतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. तुमची नोंद बिनचूक असली तरी पॅकेट वरच, कंपनीच्या नॅटमध्ये अडतं, आणि तिथली सेटिंग तुमच्या हातात नाही.

राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) आणि आयपी दाखवणाऱ्या वेबसाइटवरचा आकडा ताडून बघा. वेगळे निघाले तर वर आणखी एक नॅट आहे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर सीजीनॅटच समजा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर आधी कंपनीने बसवलेला फायबरचा डबा तपासा, नॅट बहुधा त्यातच असेल.

कंपनीकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा बाहेरचा पत्ता, घेता येतो. पण मी डीव्हीआरचं पीटूपी सुरू करा असंच सांगेन. त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क करतो, त्यामुळे दोन्हीकडे नोंद आपोआप होते आणि जगासमोर पोर्ट उघडा राहत नाही. मात्र डीव्हीआरचा पासवर्ड अजून बसवणाऱ्याने दिलेलाच असेल, तर तो आजच बदला.