शाळा बदलल्याने ग्रेड आणि कॉलेज प्रवेशावर काय परिणाम होतो?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी कॅलिफोर्नियात, भयंकर चढाओढीच्या पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीला आहे. रात्री बारा-बारापर्यंत अभ्यास करूनही गणित-सायन्सला बी येतात. अकरावीपासून जरा निवांत शाळेत घातली तर ग्रेड सुधारून मोठ्या कॉलेजांत प्रवेशाची शक्यता वाढेल का?

माझ्या मुलाची शाळा दहावीनंतरच बदलली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही न्यू जर्सीहून टेक्सासला आलो. त्यामुळे यातल्या खाचाखोचा जवळून बघितल्या आहेत. माझं मत आधीच सांगते. ग्रेड बहुधा सुधारतील, पण प्रवेशाची शक्यता त्या प्रमाणात वाढणार नाही, कारण कॉलेजं ग्रेड शाळेसकट वाचतात.

ट्रान्सक्रिप्टबरोबर (म्हणजे सगळ्या वर्षांच्या ग्रेडच्या नोंदीबरोबर) शाळेचा काउन्सेलर, म्हणजे मुलांना कोर्स-कॉलेजचं मार्गदर्शन करणारा, 'स्कूल प्रोफाइल' नावाचं एक-दोन पानी पत्रक पाठवतो. शाळेत किती एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) शिकवले जातात, ग्रेड कशी मोजतात, वर्गातल्या मुलांचे जीपीए (ग्रेडची सरासरी) साधारण कुठे पसरलेले असतात, मुलं पुढे कुठे जातात, हे त्यात असतं. बऱ्याच कॉलेजांत अर्ज वाचणाऱ्यांना भाग वाटून दिलेले असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं त्याच शाळांचे अर्ज वाचून त्यांना कुठली शाळा कशी आहे हे पाठ झालेलं असतं. तुमच्या शाळेतला बी म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. शिवाय शाळा बदलली तरी जुनी ट्रान्सक्रिप्ट कुठे जात नाही. नववी-दहावीचे ग्रेड जुन्या शाळेचे, अकरावीचे नव्या शाळेचे, असं सगळं एकत्र समोर येतं. अवघड कोर्स सोडून सोपे घेतले आणि मग ए आले, तर तेही तिथे दिसतं. नव्या शाळेत एपी कमी असतील आणि तिने त्यातले अवघडातले अवघड घेतले, तर ते तिच्या विरोधात जात नाही. जे उपलब्ध आहे त्यातून काय निवडलं, हे बघतात.

पण तुम्ही कॅलिफोर्नियात आहात म्हणून यूसीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या राज्याच्या पब्लिक युनिव्हर्सिटीचं, गणित वेगळं सांगायला हवं. यूसी जीपीए स्वतः मोजते. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे 'ए टु जी' कोर्स (यूसीच्या प्रवेशाला लागणारे विषय) धरतात, आणि एपी-ऑनर्सचा (ऑनर्स म्हणजे नेहमीपेक्षा अवघड कोर्स) जादा पॉइंट जास्तीत जास्त ८ सेमिस्टरना (एका कोर्सची एक सहामाही म्हणजे एक) मिळतो, त्यातही दहावीतल्या ४ सेमिस्टरपर्यंतच. एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांचे गुण ते बघतच नाहीत, त्यामुळे ग्रेडचा भार आणखी वाढतो. म्हणजे तुमच्या मुलीचं दहावीचं वर्ष या हिशेबात धरलं जाणारच आहे, शाळा बदलून हाती राहते ती फक्त अकरावी. शिवाय स्वतःच्या शाळेत वरच्या ९ टक्क्यांत येणाऱ्या पात्र मुलांना यूसीच्या ज्या कॅम्पसमध्ये जागा असेल तिथे प्रवेशाची हमी असते. ते कॅम्पस बर्कली किंवा यूसीएलए असेलच असं नाही, आणि या ९ टक्क्यांसाठी शाळा बदलणं मला तरी महाग वाटतं.

टेक्सासमध्ये मात्र शाळा बदलल्याने खरोखर आकडा हलतो. १९९७ च्या कायद्याने शाळेतल्या वरच्या १० टक्के मुलांना राज्याच्या पब्लिक युनिव्हर्सिट्यांत आपोआप प्रवेश मिळतो. त्यातल्या ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत गर्दी इतकी झाली की त्यांची मर्यादा आधी ६ टक्क्यांवर आली आणि २०२६ च्या फॉलपासून ५ टक्के झाली. २०१३ मध्ये छापलेल्या एका संशोधनात दिसलं की या नियमानंतर काही कुटुंबांनी स्पर्धेच्या मॅग्नेट शाळा (ठिकठिकाणची मुलं अर्ज करून जातात अशा खास पब्लिक शाळा) सोडून मुद्दाम घराजवळची साधी शाळा निवडली. तेव्हा तुमचा विचार काही जगावेगळा नाही. पण ती मुलं हायस्कूलच्या सुरुवातीलाच हलली होती. माझा मुलगा अकरावीत आला, तेव्हा जुन्या शाळेतल्या ऑनर्स कोर्सेसना नव्या डिस्ट्रिक्टने (तिथल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या मंडळाने) जादा वजन दिलंच नाही. मार्क तेच, मेहनत तीच, पण रँकमध्ये तो एकदम खाली गेला. आम्ही अर्ज केला, पत्रं दाखवली, पण नियम बदलला नाही. त्याचा हिरमुसलेला चेहरा बघून मला फार वाईट वाटलं होतं.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगते. नावाजलेल्या शाळेत असणं म्हणजे आपोआप फायदा, हे खरं नाही. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या शाळांवर २०१४ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. कटऑफच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या मुलांच्या पुढच्या परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक नव्हता. शिकागोच्या निवडक हायस्कूलांवरच्या २०२० च्या अभ्यासात तर गरीब वस्त्यांतून तिथे गेलेल्या मुलांचे जीपीए घसरले आणि निवडक कॉलेजात जाण्याची शक्यताही कमी झाली. म्हणून 'एवढी चांगली शाळा सोडायची?' म्हणणाऱ्या नातेवाइकांचं फार मनावर घेऊ नका.

माझी खरी काळजी अकरावीची आहे. कॉलेजांना शिफारसपत्रं बहुतेक अकरावीच्या शिक्षकांची लागतात (यूसी सहसा मागत नाही, पण प्रायव्हेट कॉलेजं मागतात). नव्या शाळेत त्याच वर्षी शिक्षकांना ओळख पटवायची, काउन्सेलरलाही. क्लबमध्ये पुढच्या वर्षीची पदं आधीच वाटली गेलेली असतात. एपीच्या जागा वसंतातच भरतात, उन्हाळ्यात गेलात तर उरलेलं घ्यावं लागतं. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा अकरावी-बारावीचा दोन वर्षांचा असतो, त्यामुळे अकरावीच्या सुरुवातीलाच गेलात तर जमेल, अधेमधे नाही. आणि सोळाव्या वर्षी मैत्रिणी सोडून जाणं ही मुलीसाठी छोटी गोष्ट नसते. हे कुठल्याच ट्रान्सक्रिप्टवर दिसत नाही, पण ग्रेडवर नक्की उतरतं.

म्हणून मी असं करेन. आधी त्याच शाळेत ओझं कमी करून बघेन: तीन एपीऐवजी दोन, गणिताला एक लेन खाली, म्हणजे एक पातळी सोपा वर्ग. ती झोपत नसेल, जेवत नसेल, शाळेच्या नावाने रडत असेल, तर कॉलेजचा विचार बाजूला ठेवून शाळा बदलेन. त्यासाठी दुसरं कुठलंही कारण लागत नाही.

बदलायचं ठरलंच तर सही करण्याआधी नव्या काउन्सेलरकडून ईमेलवर लेखी घ्या: जुने क्रेडिट ग्रेडसकट धरणार की नुसते पास म्हणून, ऑनर्सचं वजन मिळणार का, शाळा रँक देत असेल तर बाहेरून आलेल्यांना त्यात धरतात का, आणि तिला हव्या त्या एपीत जागा आहे का. जुन्या शाळेच्या ज्या शिक्षकांना ती आवडते, त्यांना निघण्याआधीच विचारून ठेवा की पुढच्या वर्षी पत्र द्याल का. दहावीच्या शिक्षकाचं पत्रही पुष्कळ ठिकाणी चालतं. अर्जातल्या जादा माहितीच्या रकान्यात शाळा का बदलली ते दोन-तीन सरळ वाक्यांत लिहू द्या, जुन्या शाळेची तक्रार न करता.