राज्यपालांचा बंगला, राज्यपालांची सही

या महिन्याच्या टपालात राज्यपालांविषयी चार पत्रे आली. तेहेतीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले, पण या एका पदावर मुलांनी इतके प्रश्न कधी विचारले नव्हते. म्हणून यंदाचे सदर त्यांनाच देते.

प्रश्न : रोज कामाला जाताना राजभवनाच्या फाटकावरून जातो. राज्यपाल तर मुंबईत, मलबार हिलवर राहतात. मग पुण्यात एवढी जागा कशाला? विद्यापीठाची मुख्य इमारतही पूर्वी त्यांचीच होती असे म्हणतात, ते खरे का? (एक वाचक, औंध)

उत्तर : अगदी खरे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर बारा महिने मुंबईत राहत नसे. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे, असा सगळा लवाजमा हलायचा. आधी त्याचा बंगला दापोडीला होता. मग सर बार्टल फ्रिअर यांनी १८६४ साली गणेशखिंडीत नवे निवासस्थान बांधायला घेतले. ते पुरे झाले १८७१ मध्ये, तोवर फ्रिअर आपली मुदत संपवून परतलेही होते. खर्च इतका वाढला की त्यावर बरीच टीका झाली. तीच आजची विद्यापीठाची मनोऱ्याची इमारत.

त्या घराकडे पाहिले की मला आधी २२ जून १८९७ ची रात्र आठवते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली, त्याचा समारंभ याच घरात होता. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांची घरे धुंडाळणारा रँड तो आटोपून निघाला आणि गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चाफेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. बाळकृष्ण चाफेकरांच्या गोळीने इंग्रज लष्करी अधिकारी आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला मेला. पुढे २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन कॉलेजच्या वाचनालयात हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले. गव्हर्नर या शब्दाला पुण्यात असा वास होता.

आणि मग १९४९ साल आले. पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि गणेशखिंडीचे ते घर, सुमारे ४११ एकर आवारासह, विद्यापीठाला मिळाले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. ज्या दिवाणखान्यात साहेब लोक नाचायचे, तिथे विद्यापीठाचा कारभार सुरू झाला. तुम्ही ज्या फाटकावरून जाता ते राजभवन (२०२५ पासून त्याचे नाव लोकभवन) त्याच जुन्या आवाराच्या उरलेल्या भागात आहे. राज्यपाल पुण्यात आले की तिथे उतरतात.

एक घरची गोष्ट सांगते. माझे वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. दिवसभर नोकरी, रात्री कंदिलासमोर अभ्यास, अशा रीतीने ते १९६५ मध्ये बी. ए. झाले. त्यांचे पदवीपत्र आईने साडीच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून पत्र्याच्या ट्रंकेत, तळाला ठेवले होते. घड्यांवर कागद फाटला आहे, पण खाली कुलगुरू म्हणून न. वि. गाडगीळ हे नाव स्वच्छ वाचता येते. आपले काकासाहेब गाडगीळ! कुलगुरू होण्याआधी, १९५८ ते १९६२, ते पंजाबचे राज्यपाल होते. त्यांच्यानंतर काही काळाने, १९६७ मध्ये, कुलगुरू झाले हरिभाऊ पाटसकर. जन्म इंदापूरचा, आणि १९५७ पासून १९६५ पर्यंत मध्य प्रदेशचे राज्यपाल. परमुलखात राजभवनात राहून आलेली आपली दोन माणसे जुन्या गव्हर्नरच्या घरी पोरांच्या पदव्यांवर सह्या करायला बसली. वडिलांच्या कागदावरून बोट फिरवताना मला दर वेळी याचे भरून येते.

प्रश्न : पुस्तकात लिहिले आहे की राज्यपाल नामधारी प्रमुख असतात. पण टीव्हीवर सारखे म्हणतात की राज्यपालांमुळे सरकार पडले, राज्यपालांनी अडवले. परीक्षेत काय लिहू? (बारावीची विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : बाळा, तुझा प्रश्न मला फार आवडला. आधी एक काम कर. कॉलेजच्या फलकावर एखादा शासन निर्णय लावलेला असेल, त्याची शेवटची ओळ वाच. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने.’ खाली सही मात्र अवर सचिवांची किंवा उपसचिवांची. शिष्यवृत्तीचा निर्णय असो की बदलीचा, तो कागद राज्यपालांनी बहुधा पाहिलेलाही नसतो. अनुच्छेद १५४ म्हणतो की राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांकडे आहे, आणि १६३ म्हणतो की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने त्यांनी तो वापरायचा. नामधारी म्हणतात ते यालाच. पुस्तक चुकलेले नाही.

पण काही वेळा सल्ला द्यायला बहुमताचे मंत्रिमंडळच नसते. कोणालाच बहुमत मिळाले नाही तर मुख्यमंत्रिपदासाठी आधी कोणाला बोलवायचे? राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालेनासा झाला असा अहवाल राष्ट्रपतींना पाठवायचा का? तिथे राज्यपालांना स्वतःच्या बुद्धीने ठरवावे लागते. महाराष्ट्रात तीनदा राष्ट्रपती राजवट आली : १९८०, २०१४ आणि २०१९. तिसरी सर्वांत अल्पायुषी. १२ नोव्हेंबरला लागली, २३ नोव्हेंबरला पहाटे उठली आणि त्याच सकाळी राजभवनात शपथविधी झाला. तू तेव्हा लहान असशील, पण तुझ्या घरी त्या दिवशी चहा थंड झाला असेल हे नक्की.

तुझ्या पुस्तकात एक गोष्ट पुरेशी येत नाही, ती म्हणजे वेळ. सही करणे आणि न करणे यांच्यामध्ये ‘नुसते ठेवून देणे’ असते. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ जागांवर राज्यपाल माणसे नेमतात : साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा यांतली. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने बारा नावे पाठवली. तेव्हा भगतसिंह कोश्यारी राज्यपाल होते. ना होकार, ना नकार. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की शिफारस वाजवी मुदतीत स्वीकारणे किंवा परत पाठवणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे. तरीही जून २०२० मध्ये रिकाम्या झालेल्या त्या बारांपैकी सात जागा भरायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. त्या जागी एखादा लेखक, एखादी समाजसेविका बसली असती, सभागृहात चार शब्द बोलली असती. ती चार वर्षे कोणी परत देणार नाही. माझा राग व्यक्तीवर नाही, या ठेवून देण्यावर आहे, आणि तो मी लपवणार नाही.

सरकार पडल्याचेही सांगते. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करायला सांगितले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला की तसे सांगण्याइतका आधार राज्यपालांपुढे नव्हता. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता आधीच राजीनामा दिला होता, म्हणून ते सरकार पुन्हा आणता येणार नाही, असेही त्याच निकालात आहे. परीक्षेत दोन्ही गोष्टी लिही. एकच लिहिलीस तर उत्तर अर्धे.

प्रश्न : राज्यपाल हा केंद्र सरकारचा नोकर असतो का? नसेल तर दिल्लीत सरकार बदलले की राज्यपाल कसे बदलतात? (निवृत्त बँक कर्मचारी, निगडी)

उत्तर : नोकर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच हे स्पष्ट केले आहे. पण मुदत पाच वर्षांची असली तरी अनुच्छेद १५६ प्रमाणे राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतात, आणि राष्ट्रपती चालतात केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. २०१० च्या निकालात न्यायालयाने एवढे बजावले की सरकार बदलले किंवा विचार जुळत नाहीत, एवढ्यासाठी राज्यपालांना काढता येणार नाही. काढण्याचे कारण सांगायचे बंधन मात्र नाही. खरी गोम तिथेच आहे. घटना समितीत राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा असा विचार आधी होता, १९४९ मध्ये तो सोडला. निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री एकमेकांना भिडतील ही भीती होती, आणि मला ती आजही रास्त वाटते.

प्रश्न : मी शाळेत असताना, १९६३ च्या सुमारास, आम्हाला रस्त्याच्या कडेला झेंडे घेऊन उभे केले होते. मोटारीतून एक पांढऱ्या केसांच्या बाई हात हलवत गेल्या. मी म्हणते त्या राज्यपाल होत्या. भाऊ म्हणतो, त्या इंदिरा गांधी. पैज लागली आहे. (एक आजी, सदाशिव पेठ)

उत्तर : मावशी, पैज तुम्ही जिंकलीत असे मला वाटते. त्या काळी महाराष्ट्राच्या राज्यपाल बाईच होत्या : विजयालक्ष्मी पंडित. आधीचे राज्यपाल पी. सुब्बरायन सहाएक महिन्यांतच, पदावर असतानाच वारले. नोव्हेंबर १९६२ मध्ये विजयालक्ष्मी आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष त्याच, १९५३ साली. नेहरूंच्या बहीण म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांचे पती रणजित पंडित मूळचे कोकणातल्या मराठी घराण्यातले, म्हणजे त्या आपल्याकडच्या सूनबाई. नेहरू गेले, आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या फुलपूरच्या जागेवरून लोकसभा लढवायला विजयालक्ष्मींनी ऑक्टोबर १९६४ मध्ये राज्यपालपद सोडले. त्यांच्यानंतर आजवर महाराष्ट्राला दुसरी महिला राज्यपाल लाभलेली नाही.

भावाला एवढेच विचारा : १९६३ मध्ये इंदिराबाई पंचेचाळिशीच्या होत्या, विजयालक्ष्मी साठी ओलांडलेल्या. मोटारीतल्या बाईंचे केस पांढरे होते हे तुम्हाला नक्की आठवते ना?