दाद नेमकी कुठे द्यायची?

प्रश्न : उर्दू गझलगायनाच्या मैफलीला पहिल्यांदाच जाणार आहोत. उर्दू जेमतेम कळतं. दाद कधी द्यायची? तयारी काय करावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मराठी गझल ऐकत असाल तर अर्धी तयारी झालेलीच आहे. मतला (पहिला शेर), मक्ता (कवीचं नाव येणारा शेवटचा शेर), काफिया (यमकाचा शब्द), रदीफ (त्यानंतर जसेच्या तसे येणारे शब्द) सगळं तेच; शेर म्हणजे दोन ओळी. ग़ालिबचा मतला घ्या : 'दिल-ए-नादाँ तुझे हुआ क्या है / आख़िर इस दर्द की दवा क्या है'. 'क्या है' हा रदीफ. 'हुआ', 'दवा' हे काफिये. मतल्यातच हे दोन्ही कानात पक्के करून ठेवा. पुढे 'हम हैं मुश्ताक़ और वो बेज़ार' ही ओळ गायक वेगवेगळ्या स्वरांतून चार-पाच वेळा फिरवेल. इथे टाळ्या नकोत, हळूच 'वाह' चालेल. मुशायऱ्यात, म्हणजे कवींच्या काव्यवाचनात, पहिली ओळ श्रोते उचलून धरतात. मैफलीत ती घोळवत उत्सुकता ताणण्याचं काम गायकच करतो. मग येतं 'या इलाही ये माजरा क्या है'. 'माजरा' हा काफिया पडला की शेर उलगडला. खरी दाद तिथे. पुन्हा ऐकावासा वाटला तर 'मुकर्रर' म्हणा.

शेर संपला की तबलजी लग्गी, म्हणजे जलद लयीतले बोल, लावतो. टाळ्या तिहाई (तीनदा वाजवलेला तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यावरच. आधी वाजल्या तर नेमकी समच बुडते.

तयारी म्हणून त्या गायकाच्या नेहमीच्या चार-पाच गझला रेख्ता या उर्दू कवितेच्या संकेतस्थळावर देवनागरीत वाचा. तिथे शब्दाला स्पर्श केला की अर्थ दिसतो. हिज्र म्हणजे विरह, वस्ल म्हणजे मीलन, रक़ीब म्हणजे प्रेमातला प्रतिस्पर्धी. असे पंधरा-वीस शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. 'दिल-ए-नादाँ' गाताना 'दिले नादाँ' ऐकू येतं, आणि विशेषण मागून येतं : नादान हृदय. एखादा शेर निसटला तरी घाबरू नका, प्रत्येक शेर स्वतंत्र असतो.

तिकीट काढताना पहिल्या रांगेचा मोह टाळा. तिथे तबला अंगावर येतो आणि शब्द हरवतात. ध्वनिव्यवस्थेचं टेबल असतं त्याच्या पुढच्या दोन-तीन रांगा उत्तम, कारण आवाजाचा तोल तिथेच कान लावून साधलेला असतो.

प्रश्न : फर्माईश करावी का?

उत्तर : जरूर, पण मध्यंतरात चिठ्ठी पाठवून. चिठ्ठीत मतल्याची पहिली ओळ लिहा. मधेच ओरडू नका. गायकाकडे स्वरमंडळ हे तारांचं वाद्य असेल तर राग बदलताना ते पुन्हा लावावं लागतं, म्हणून गझलांचा क्रम त्याने आधीच जुळवलेला असतो.